पायरीशी काढलेले बूट

“दोष गाडीत आहे की घरात, एवढंच सांगा मास्तर.”

धैर्यशीलरावांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं. विचारलं कसलं, उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. घरातच असणार, म्हणाले, जुनं वायरिंग आहे.

घर माझं. वायरिंग चार वर्षांपूर्वीचं, आणि केलेलं मुजावर मास्तरांनीच. मी मास्तरांसाठी खुर्ची आणायला वळले. धाकट्या बहिणीचा नवरा, त्यात इंजिनियर. पण डोकं असं तापलं होतं म्हणून सांगू.

गाडी म्हणजे त्यांची नवीकोरी मोटरहोम. आत पलंग, शेगडी, पाणी तापवायला गिझर, सगळा संसार. गडहिंग्लजला आमच्या अंगणात लावली आणि माझ्या स्वयंपाकघरातून वायर ओढून तिला वीज दिली. तेव्हापासून माझी बहीण वैजयंता एकच सांगत होती. गाडीचं दार धरलं की हाताला मुंग्या येतात. एक नाही, दोन नाही, तीन दिवस सांगत होती.

नवऱ्याने दार धरून पाहिलं आणि हसला. तुला भास होतात, म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रक्त कमी असेल, तपासून घे. करंट गाडीला आणि रक्त हिचं कमी! तिसऱ्या दिवशी मीच मास्तरांना बोलावणं धाडलं.

मास्तर आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवायचे. धैर्यशीलरावही आधी त्यांच्याच हाताखाली शिकले, मग पुण्याला जाऊन मोठे झाले. बसायला खुर्ची मात्र मास्तरांना मी आणून दिली.

ते बसलेच नाहीत. स्वयंपाकघरात गेले, बोर्डातून वायर उपसली आणि प्लग हातात घेऊनच अंगणात आले.

“अर्थिंगची जाड पिन कुठं गेली?”

कापली, धैर्यशीलराव म्हणाले. पहिल्या दिवशी घरातला सेफ्टी स्विच, करंट कुठे गळला की पडणारा, सारखा पडत होता. लावला की पडायचा. पिन कापली, तेव्हापासून एकदाही पडला नाही. हे सांगताना चेहरा असा, जणू आता शाबासकीच मिळणार.

मास्तरांनी प्लग उलटा करून कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

“दार कसं तपासलंस?”

“हाताने धरून.”

“पायात काय होतं?”

“हेच बूट.”

जाड रबरी तळव्याचे बूट होते. मी वैजयंताच्या पायांकडे पाहिलं. ती त्या गाडीला घर म्हणते. आत तिचे देव आहेत. म्हणून दर वेळी चपला खाली काढते, अनवाणी उभी राहते आणि मग दाराची दांडी धरून वर चढते. शेजारीच नळ, तिथली फरशी सदा ओली. आणि हा बाबा बूट घालून चढतो, देवांसमोरसुद्धा. त्याच्या लेखी ती गाडी.

“बूट काढ,” मास्तर म्हणाले.

त्यांनी काढले.

“मोजेपण.”

तेही काढले. ओल्या फरशीवर पाय ठेवला. हात दाराकडे गेला आणि चार बोटांवर थांबला…

“धर की. भासच आहे ना?”

हात पुढे जाईना. मागेही येईना. वैजयंता धुतलेली भांडी पोटाशी धरून बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, याचाच मला राग आला.

मास्तरांनी हातातला प्लग वर धरला. वायर कधीच निघालेली होती. गाडीत वीजच नव्हती आणि हे त्या इंजिनियरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग मास्तर वैजयंताकडे वळले. तीन दिवसांत तिला कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

“पोरी, मुंग्या कधी येतात?”

“गिझर लावला की,” ती म्हणाली. “एरवी नाही.”

मास्तरांनी मान डोलावली. पिशवीतून पाना काढला आणि चपला खाली काढून गाडीत चढले. गिझर खोलल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने फुटलेली, काळी पडलेली कॉइल घेऊन ते दारात आले. करंट इथून गाडीच्या पत्र्यात उतरतो, म्हणाले, आणि पिन नाही म्हणून जमिनीत न जाता पोरीच्या हातात येतो.

धैर्यशीलराव बायकोवर उखडले. एवढं साधं होतं, तर गिझरचं तू मला आधी का सांगितलं नाहीस, म्हणाले.

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मास्तरांनी हाताने मला थांबवलं. कापलेल्या पिनेचा प्लग त्यांनी धैर्यशीलरावांच्या तळहातावर ठेवला…

“तो स्विचही तेच सांगत होता. त्याचं तू काय केलंस?”