माळकरी मांजर

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथं फार पूर्वी एक माळकरी जोडपं राहायचं. काका स्वभावानं भिडस्त, चार शब्दांच्या जागी दोनच बोलणारे. काकूंचं नाव द्वारका, पण ते नाव कुणाच्या लक्षातही नसेल, सगळं गाव त्यांना काकूच म्हणायचं. त्यांच्या हाताला अशी चव की नुसती आमटी केली तरी जेवणारा ताट चाटूनपुसून उठायचा. गळ्यात तुळशीची माळ. घरात मांसमच्छीचं तर नावच नको, कांदा-लसूणही उंबऱ्याच्या आत येत नसे.

काकूंना मूलबाळ नव्हतं असं नाही. लेकी होत्या, त्या आपापल्या घरी सुखी होत्या. पण रिकामं घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालं होतं खरं. त्याच सुमारास वाण्याच्या दुकानात पिठाच्या पोत्यांमागे मांजर व्यायली आणि तिची दोन पिल्लं जगली. एक पट्ट्यापट्ट्यांचा बोका. तो नदीवरच्या पारू भोईणीनं उचलला. ती मासे धरायची नि गावात दारोदार विकायची. दुसरी पांढरीशुभ्र मादी, ती काकूंनी पदरात गुंडाळून घरी आणली आणि तिचं नाव ठेवलं पिठी.

पिठीवर काकूंचा जीव जडला. तो खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही. सकाळी धारेचं दूध आलं की पहिली वाटी पिठीची. दुपारी मऊ गुरगुट्या दूधभात, वर साजूक तूप. संध्याकाळी दूधपोळी कुस्करून. सणाला पुरणाचा गोळा, तोही तिच्यासाठी आधी बाजूला काढलेला. लेकींना जितक्या मायेनं भरवलं तितक्याच मायेनं काकू तिला भरवत.

आता मांजरच ते. एके दिवशी पिठीनं कोठीतला उंदीर धरला आणि मोठ्या मानानं काकूंच्या पायाशी आणून ठेवला. काकू शहारल्या. त्यांनी तिला पाण्यानं पुसून काढलं, देवापुढे बसवलं, आणि आपल्या जुन्या तुटलेल्या माळेचे मणी ओवून तिच्या गळ्यात घातले. आमच्या घरात राहायचं तर आमच्यासारखं राहायचं, असं तिला बजावलंही. तेव्हापासून तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून घ्यायचा नेम सुरू झाला. काकू उंदरांसाठी पिंजरा लावत, सापडलेला उंदीर काका लांब शेतात सोडून येत, आणि पिठी खिडकीच्या गजांआडून अंगणातल्या चिमण्या बघत बसे.

काका एकदा म्हणाले होते, "अगं, मांजर आहे ती." काकूंनी नुसतं वळून पाहिलं. काका पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार? बायका माळ घातलेलं मांजर बघायला येऊ लागल्या. काकू एकादशीला पिठीलाही उपास घडवत. भगर आणि दूध तिच्या वाटीत घालत आणि ती कशी मुकाट्यानं खाते ते आलेल्यांना कौतुकानं दाखवत. मुकाट्यानं न खाऊन ती काय करणार होती, बिचारी? पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. काकूंची मान मात्र दिवसेंदिवस ताठ होत गेली. आपल्या हातानं एका जनावराचा उद्धार होतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एकदा पारू भोईण टोपली घेऊन दारावरून चालली होती. पाठोपाठ तिचा बोका, चांगला गलेलठ्ठ, शेपूट उभारून. दार उघडं होतं. पिठी आतून सुटली ती थेट टोपलीवर. एक मासा तोंडात धरून ती ओट्याखाली शिरली आणि कधी नव्हे ते गुरगुरत खाऊ लागली. काकूंनी तिला मानेला धरून ओढलं आणि तो मासा तिच्या दातांतून सोडवला. पिठी असं केविलवाणं ओरडली की पारूनं टोपली खाली ठेवली.

"काकू, राहू द्या तो तिला," पारू म्हणाली. "माशाची डोकी मी रोज टाकूनच देते. तुमच्या घरात नको तर इथं बाहेर दगडावर ठेवत जाईन. तुम्ही बघूसुद्धा नका."

काकूंच्या हातात तो अर्धा मासा होता. पिठी त्यांच्या पायांना अंग घासत होती, वर तोंड करून बघत होती. क्षणभर काकूंचंही मन डळमळलं. द्यावा का? पण समोरच्या ओट्यावर दोघी बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि त्यांचे हात सुपातच थांबले होते. आपल्या पिठीची माळ बाटली असं उद्या गावभर होईल, हे काकूंच्या डोक्यात आलं. त्यांनी मासा टोपलीत टाकला, हात धुतले आणि पिठीला आत नेऊन कडी लावली. त्या दिवशी तिच्या वाटीत त्यांनी तूप जरा जास्तच घातलं.

पुढे पिठी शांत होत गेली. चिमण्या बघायला खिडकीत जाईना. फडताळावर उडी मारताना एकदोनदा खाली पडली, मग तिनं उड्याच सोडल्या. अंगावरच्या केसांची तकाकी गेली. भर उन्हातसुद्धा तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर दिसायच्या. काकू म्हणत, वैराग्य आलंय. येणाऱ्या बायका म्हणत, बघा, समाधी लागल्यासारखी बसते. काका मात्र जाता-येता तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि हाताला लागणारी हाडं चाचपून पुढे जात.

मग ती एकादशी आली. देवळात कीर्तन होतं, बाहेरगावचे नावाजलेले बुवा आले होते. काकू पिठीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसल्या. अभंग रंगात आला असताना गाभाऱ्याकडून एक उंदीर निघाला आणि भर सभेतून, पिठीच्या नाकासमोरून, आरामात चालत पलीकडे गेला. लोकांनी श्वास रोखून धरले. पिठी हलली नाही. तिचे कान तेवढे जरासे फिरले. डोळे होते तिथंच राहिले.

बुवांनी टाळ थांबवले. म्हणाले, जन्मजात वैर विसरलेला जीव आज मी डोळ्यांनी पाहिला, माणसांनी यातून शिकावं. लोक उठून पिठीच्या पाया पडले. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आयुष्यात एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि त्याहून मोठा मिळावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठी ओट्यावर उन्हाला बसली होती. काकूंनी अंगणातून हाक मारली. ती उठली, हाकेच्या दिशेनं चालू लागली, आणि ओटा संपला तरी चालतच राहिली. धप्पकन खाली पडली. उठून पुन्हा चालली, तर पाण्याच्या हंड्यावर तिचं डोकं आपटलं.

काकू धावत हंड्यापाशी आल्या. त्या तिच्यासमोर बसल्या आणि तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. मग बोट अगदी डोळ्याजवळ नेलं. पिठीची पापणी लवली नाही. बांगड्या वाजल्या तशी मात्र तिनं मान वळवली आणि लाडानं म्यांव केलं.

काका घरात गेले आणि टोपली घेऊन आले. दोघं पिठीला घेऊन बाजाराच्या गावी जनावरांच्या वैद्यांकडे गेले. वैद्य वयस्क होते, त्या मुलखात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी पिठीचे डोळे पाहिले, छातीला कान लावला, मग तिला खायला काय घालता ते विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. दूध, भात, तूप, पुरण, भगर. सांगताना सवयीनं त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला, आणि वैद्यांचा चेहरा बघून तो मध्येच विरला.

वैद्य म्हणाले, "बाई, तुम्ही हिला उपाशी ठेवलंत."

काकूंना ते शब्द कळेचनात. त्या म्हणाल्या, माझ्या आधी मी हिला वाढते.

वैद्यांनी मग समजावून सांगितलं. माणूस धान्यावर जगतो, गाय गवतावर जगते. मांजराचं शरीर मांसावरच चालतं. डोळ्यांना आणि काळजाला लागणारं एक सत्त्व तिला मांसमच्छीतूनच मिळतं, ते दूधभातात नाही म्हटलं तरी चालेल. पोट भरत राहतं आणि आतून जीव वाळत जातो. दूध तर मोठ्या मांजराला धड पचतही नाही. काळीज थकलंय, ते नीट खाल्लं तर सावरेल कदाचित. डोळे गेले ते गेले.

काकूंनी पिठीच्या गळ्यातले मणी चाचपले. मग त्यांनी विचारलं, "पण तिच्या गळ्यात माळ आहे हो. तिचं काय करू?"

"माळ तुमची आहे," वैद्य म्हणाले. "तुम्ही ती आपल्या मनानं घातलीत, तुम्ही पाळा. हिला कुणी विचारलं होतं?"

पिठीच्या गळ्यातली ती माळ काकूंनी तिथंच काढली. मणी मुठीत घट्ट धरून त्या घरी आल्या.

आणि मग जन्मात न केलेलं काम त्यांनी केलं. परसात वेगळी चूल मांडली, वेगळं मडकं आणलं आणि पारूच्या दारात जाऊन मासे मागितले. पारूनं टोमणा मारला नाही, हे तिचं मोठेपण. काटे कसे काढायचे तेही तिनंच दाखवलं. वैद्यांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे मासा किंवा कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात शिजवायचं. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. शिजल्यावर हाड-काटा राहिलेला नाही ना, हे बोटांनी चाचपून बघायचं. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, सत्त्व त्यातच उतरतं. रोज एकच एक न देता आलटूनपालटून द्यायचं. अधूनमधून शिजवलेलं अंडं, कोंबडीच्या काळजाचा लहानसा तुकडा, हाडांसाठी अंड्याच्या टरफलाची चिमूटभर पूड. कांदा-लसूण चुकूनसुद्धा नको, मांजराला ते विषच. हे ऐकून काकूंना रडता रडता हसू आलं होतं. त्यांच्या घरचा तेवढा एकच नेम पिठीला मानवणारा निघाला.

पहिल्या दिवशी त्यांना मळमळलं. पदर नाकाला लावून त्यांनी काटे काढले, मग अंघोळ केली, मग देवापुढे हात जोडले. स्वतःचा नेम त्यांनी मोडला नाही, जिभेला काही लावलं नाही. गावच्या ज्या सुगरणीनं शेकडो पानं उठवली, तिनं असं बेचव, बिनमिठाचं अन्न तोवर कधी रांधलं नव्हतं. पिठीनं ते मडकं चाटून लख्ख केलं. खाता खाता ती गुरगुरत होती, अगदी तशीच, त्या दिवशी ओट्याखाली गुरगुरली होती तशी. तो आवाज ऐकून काकू चुलीपाशी बसून ढसाढसा रडल्या.

समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी नाकं मुरडली. माळकरणीच्या परसात मासे शिजतात, हे गावभर झालंच. काकूंनी ऐकलं आणि त्या काटे काढत राहिल्या.

पुढे पुन्हा एकादशी आली, पुन्हा तेच बुवा आले. परगावचे, त्यांना मधलं काही ठाऊक नव्हतं. काकू एकट्याच, मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. बुवांनी रंगात येऊन उंदराची गोष्ट काढली. समोरून भक्ष्य जातंय आणि हा जीव ढळत नाही, असं सांगून त्यांनी काकूंकडे हात केला. लोकांनी माना वळवल्या.

काकू उठून उभ्या राहिल्या. 

"बुवा," त्या म्हणाल्या, "तिला उंदीर दिसलाच नव्हता. ती आंधळी झाली होती. मी केली."

 बुवांनी टाळ खाली ठेवले.

"दिसला असता तर तिनं धरला असता," काकू म्हणाल्या. "तेच बरं झालं असतं."

एवढं बोलून त्या देवळाबाहेर पडल्या. घरी पिठी ओट्यावर त्यांचीच वाट बघत बसली होती. आता तिच्या अंगावर मांस आलं होतं, केस पुन्हा मऊ झाले होते. काकूंची पावलं ऐकून ती उठली आणि शेपूट उभारून आनंदानं ओरडली, पण तोंड मात्र रिकाम्या रस्त्याकडे करून. काकू दुसऱ्या बाजूनं आल्या होत्या. त्यांनी तिला उचलून पोटाशी धरलं आणि तिचं तोंड हळूच आपल्याकडे वळवलं. पिठी जगली तोवर रोज त्यांना तसंच वळवावं लागलं.

पुढे कुणाच्या घरी मांजरीचं पिल्लू आलं की काकू स्वतः जाऊन बजावून यायच्या, तेच या गोष्टीचं तात्पर्य समजा: नेम आपला असेल तर आपल्याच गळ्यात घालावा, आणि जीव पाळायचा तर त्याच्या पोटाला काय लागतं हे आधी विचारावं, मग मायेनं वाढावं.