पाथरवटाचा उजवा हात

एकदा एका नगरात मोठ्या देवळाचे शिखर बांधायचे काम चालू होते. तिथल्या पाथरवटांनी मिळून धान्याचे एक कोठार राखले होते. मजुरीच्या धान्यातला थोडा वाटा प्रत्येकाने त्यात घालायचा, आणि कामावर कुणी जायबंदी झाला तर तो बरा होईपर्यंत कोठाराने त्याचे घर चालवायचे, असा नियम होता. कोठाराचा कारभार एका व्यापाऱ्याकडे होता. माणूस सचोटीचा, पण दोन वर्षांपूर्वी एका धडधाकट गड्याने लंगडण्याचे सोंग करून त्याला चांगलेच फसवले होते. तेव्हापासून त्याला प्रत्येक आजाऱ्यात सोंगाड्या दिसू लागला होता.

एके दिवशी शिखराभोवतीच्या बांबूंच्या परांचीचा दोर तुटला आणि केरबा नावाचा पाथरवट चाळीस हात खाली कोसळून जागीच गेला. त्याच्या शेजारीच त्याचा चुलतभाऊ सटवाजी उभा होता. सटवाजीला मनगटावर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण त्यानंतर तो शिखरावर चढला नाही. उजवा हात झोळीत बांधून तो घरी बसला. "हातात जीवच राहिला नाही," असे सांगून त्याने कोठाराकडे धान्य मागितले. व्यापाऱ्याच्या वैद्याने निर्वाळा दिला, की हे सोंग आहे. सटवाजीचा मेहुणाही वैद्यच होता. त्याने निर्वाळा दिला, की हा आता जन्मात छिन्नी धरणार नाही. घरात बायको, दोन मुली आणि केरबाची विधवा. धान्य मिळाले नाही तर पाच तोंडांनी खायचे काय?

शेवटी सर्वांनी मिळून नदीपलीकडच्या एका वृद्ध वैद्यांना बोलावले. मनाचे विकार जाणण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि या नगरात त्यांचे ना कुणी सोयरे होते ना कुणी वैरी. बरोबर त्यांचा शिष्य होता. वृद्धांचा एक नेम होता. परीक्षा चालू असेतो कोणत्याही पक्षाच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. व्यापाऱ्याने पुरणपोळीचा बेत केला होता, सटवाजीच्या बायकोने भाकरी थापल्या होत्या. वृद्धांनी दोघांनाही हात जोडले. शिष्याला पुरणपोळी सोडणे फार जड गेले, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

वृद्ध सटवाजीला म्हणाले, "बाबा रे, मी तुला बरं करायला आलेलो नाही, आणि पकडायलाही आलेलो नाही. तू कामावर चढू शकतोस की नाही, एवढंच मला पाहायचंय. तेवढंच पाथरवटांच्या सभेला कळेल. बाकीचं माझ्यापाशी राहील."

मग त्याच्याच अंगणात त्यांनी स्वतःच्या शिध्याच्या खिचडीसाठी तीन दगडांची चूल मांडली. एरवी हे काम शिष्याचे; त्या दिवशी वृद्ध स्वतः बसले. दगड असे काही लागले, की पातेले एका अंगाला कलंडू लागले. सटवाजी थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याला राहवेना.

"आजोबा, असा बसतो होय दगड?" असे म्हणत त्याने झोळीतून हात काढला, दगड उचलून उलटा केला आणि मुठीने ठोकून पक्का बसवला. दुसऱ्याच क्षणी आपण काय केले हे त्याच्या ध्यानात आले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"छान बसला," एवढेच वृद्ध म्हणाले आणि चूल फुंकू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला देवळापाशी घेऊन गेले. "जमेल तेवढं चढ. नाही जमलं तर सांग."

सटवाजीने दोन्ही हातांनी बांबू धरला. तिसऱ्या पायरीवर त्याने बांबूला मिठी मारली. अंगावर घामाच्या धारा लागल्या आणि केरबा पडला होता त्या जागेवरून नजर हलेना. "दोर तुटतोय... आजोबा, दोर तुटतोय!" दोर तर नवाकोरा होता. वृद्धांनी स्वतः वर चढून त्याला कुशीत धरून खाली आणले. मग दुपारपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले. झोप, स्वप्ने, जेवण, सगळे विचारले. केरबाविषयी तो काय बोलला ते त्यांनी शिष्यालाही सांगितले नाही.

दुपारी वृद्धांनी अभिप्राय लिहिला. तो वाचून शिष्य उसळलाच. "गुरुजी, हा माणूस खोटं बोलला! आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि तरी धान्य द्या म्हणता?"

"हात धड आहे, हेही लिहिलंय की मी," वृद्ध शांतपणे म्हणाले. "काल तो खोटं बोलतोय हे कळलं, आणि तू काल संध्याकाळीच परीक्षा संपवलीस. त्याच्या वैद्याला तो गरीब दिसला, व्यापाऱ्याच्या वैद्याला लबाड दिसला. तो चांगला की वाईट, हे आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो चढू शकतो का, एवढंच विचारलं होतं. खोटं बोलणारा माणूससुद्धा आजारी असू शकतो, बाळा."

"पण खोटं बोलायचं कारणच काय?"

"ते त्यालाच ठाऊक."

संध्याकाळी सभा भरली. व्यापारी मोठ्याने वाचू लागला. "उजवा हात पूर्णपणे निरोगी आहे." सभेत कुजबुज झाली. सटवाजीने मान खाली घातली. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी घट्ट धरला. व्यापारी पुढे वाचत गेला. "परंतु मनाला झालेली इजा खरी आहे. हा मनुष्य उंचावर काम करण्यास सध्या असमर्थ आहे. जमिनीवर बसून अर्धा दिवस दगड घडवू शकेल. उपचार करावेत. उरलेल्या मजुरीइतके धान्य कोठाराने द्यावे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे."

बायकोला एकदम रडू फुटले, आणि कितीतरी दिवसांनी ते सुटकेचे रडू होते. व्यापाऱ्याच्याही मनावरचे ओझे उतरले. त्याला कुणाला उपाशी ठेवायचे नव्हते. पुन्हा फसायचे नव्हते, एवढेच. तो जरा रागानेच, पण मायेने म्हणाला, "अरे सटवाजी, मनाचं दुखणं होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचंस ना!"

सटवाजी हलकेच म्हणाला, "सांगितलं होतं, शेठ. पहिल्याच दिवशी आलो होतो. तुम्ही म्हणालात, लागलंय कुठं ते दाखव."

 व्यापारी उठला आणि पहिले पोते मोजून द्यायला स्वतः कोठाराकडे निघाला. शिष्य पोते उचलायला त्याच्यामागे गेला.

न दिसणाऱ्या दुखण्याचा निवाडा कधी आपल्या हाती आला, तर त्या माणसाचे उत्तर तपासण्याआधी आपण त्याला काय विचारले होते, ते आठवून पाहावे.