टिपरी बेडकीची कोरडी पाठ

या गोष्टीएवढी लांब गोष्ट जगात नाही. बरं, जगात असेल, आपल्या गावात नाही. बरं, गावात हौसाआजीकडे आहे एक, पण ती संपतच नाही. ही संपते.

एक होती बेडकी. बोराएवढी. नाव टिपरी.

टिपरी उसाच्या बुडाशी राहायची. बुडाजवळ काळी नळी. नळीला बारीक भोक. भोकातून पाणी पडायचं. टिप. मग थांबायचं. मग पुन्हा टिप.

एक टिप उसाला. एक टिप टिपरीच्या पाठीला.

नळी गेनूआबाची. आधी आबा पाटानं पाणी सोडायचा. भळाभळा. ऊस बुडायचा, बांध बुडायचा, आबाची चप्पल वाहून जायची. आता ठिबक. थेंब थेंब. ऊसही खूश, चप्पलही खूश.

एके दिवशी टिप नाही.

टिपरी थांबली. थांबली. टिप नाहीच. पाठ कोरडी. पाठ खरखरीत. बेडकीची पाठ वाळली, की बेडकीला दम लागतो. टिपरीला दम लागला.

"नळीबाई, नळीबाई, टिप कर."

"कुठून करू?" नळी म्हणाली. "पडून पडून दमले मी. फिल्टर पाणी सोडेना. त्याला सांग."

निघाली टिपरी. ठुप्प ठुप्प हुश्श.

फिल्टर विहिरीपाशी. फिल्टर म्हणजे पोटात जाळी असलेला डबा. कचरा स्वतः गिळतो, नळीला स्वच्छ पाणी देतो.

"फिल्टरदादा, फिल्टरदादा, पाणी सोड.
नळी टिपेना,
माझी पाठ भिजेना."

"कसं सोडू?" फिल्टर म्हणाला. "गिळून गिळून दमलो मी. शेवाळ गळ्यापर्यंत आलंय. आबा धुवेना. त्याला सांग."

निघाली टिपरी. ठुप्प ठुप्प हुश्श.

आबा आंब्याखाली आडवा. "दर सोमवारी फिल्टर धुवा," असं आबा साऱ्या गावाला सांगायचा. गावानं धुतले. आबाचे तीन सोमवार सांगण्यातच गेले.

"आबा, आबा, फिल्टर धुवा.
फिल्टर सोडेना,
नळी टिपेना,
माझी पाठ भिजेना."

"सांगून सांगून दमलो गं पोरी," आबा म्हणाला. "चहाशिवाय कंबर हलत नाही. हौसाला सांग."

निघाली टिपरी. ठुप्प ठुप्प हुश्श.

हौसाआजी चुलीपाशी. पदरानं वारा घेत होती.

"आजी, आजी, चहा कर.
आबा उठेना,
फिल्टर सोडेना,
नळी टिपेना,
माझी पाठ भिजेना."

"खुरपून खुरपून दमले मी," आजी म्हणाली. "आणि झोपलेत ते. करते चहा. पण दूध कुठाय? ढब्बीला सांग."

निघाली टिपरी. ठुप्प… ठुप्प… हुश्श.

ढब्बी म्हणजे म्हैस. गोठ्यात बसली होती. उठायचा विचार नव्हता.

"ढब्बी, ढब्बी, दूध दे.
चहा होईना,
आबा उठेना,
फिल्टर सोडेना,
नळी टिपेना,
माझी पाठ भिजेना."

"वाळकं चघळून चघळून दमले मी," ढब्बी म्हणाली. "हिरवं पान नाही, तर दूध नाही. उसाला सांग."

निघाली टिपरी. ठुप्प… हुश्श. ठुप्प… हुश्श.

ऊस उभा होता. पानं गुंडाळून.

"उसा, उसा, पान दे.
म्हैस देईना,
चहा होईना,
आबा उठेना,
फिल्टर सोडेना,
नळी टिपेना,
माझी पाठ भिजेना."

"उभं राहून राहून दमलो मी," ऊस म्हणाला. "मुळाशी टिप होऊ दे, मग पान देतो. नळीला सांग."

नळीला?

टिपरीनं बाजूला बघितलं. नळी तिथंच पडली होती. टिपरी जिथून निघाली, तिथंच आली होती.

"आता नाही जमत," टिपरी म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. नुसती म्हणाली. आणि उसाच्या बुडाशी बसली. हुश्श.

तेवढ्यात उसाचं एक वाळकं पान सुटलं.

खस्स.

पडलं टिपरीच्या डोक्यावर. टिपरी दचकली. आणि टिपरीच्या खालून आवाज आला.

टिप.

पाऊस नव्हता. नळी नव्हती. टिपरीनं पोटात एवढीशी जपून ठेवली होती, ती सुटली. शू.

हसू नका. दचकलं की होते. तुमच्यातल्याच एकाची परवा झाली. नाव सांगत नाही. त्याला माहीत आहे.

उसाच्या मुळाला गार लागलं.

"आली का नळी?" ऊस म्हणाला.

टिपरी दुसरीकडं बघू लागली.

उसानं पान उलगडलं. दिली चार हिरवी पानं.
म्हशीनं पानं खाल्ली. दिलं दूध.
आजीनं दूध घेतलं. केला चहा.
आबा चहा प्यायला. फुर्रर्र. उठला कंबर धरून.
आबानं फिल्टर धुतला. शेवाळ निघालं बादलीभर.
फिल्टरनं पाणी सोडलं.
नळी फुगली. नळी म्हणाली, टिप.

एक टिप उसाला. एक टिप टिपरीच्या पाठीला.

टिपरी नाचली नाही. उडी मारली नाही. फार दमली होती. तिनं डोळे मिटले. टिप. पाठ भिजली. टिप. पुन्हा भिजली.

ऊस वाढला. आबाच्या डोक्याच्या वर गेला. एक दिवस आबानं ऊस मोडला, बांधावर बसला, चावू लागला. रस हनुवटीवरून खाली.

"काय गोड आहे," आबा म्हणाला. "गोड असणारच. एक थेंब वाया घालवला नाही मी. यातला पहिला थेंब कुणाचा? या गेनूचा."

बुडाशी टिपरी बसली होती. तिनं एक डोळा उघडला.

"दुसरा तुमचा, आबा," टिपरी म्हणाली. "पहिला माझा. शू होती ती."