बत्तीस मजले आणि एक लेणं

“…आणि प्रत्येकाला हवं तसं घर दिलं, तर इमारत एक राहणार कशी, भंते?”

शर्वरी निमकरने लेण्याच्या दगडी जमिनीवर नकाशा पसरला होता. बत्तीस मजले, एकशे अठ्ठावीस घरं.

तिच्या इमारतींना बक्षिसं मिळाली होती. पण त्यांतल्याच एकीत एक एकटे गृहस्थ वारले, आणि तीन दिवस शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

म्हातारे भंते सुमेध नकाशा पाहत राहिले…

“बारा वेळा बदललाय,” ती म्हणाली. “यापेक्षा चांगला दुसरं कुणी काढेल, असं मला वाटत नाही.”

“त्या टोकाच्या खोलीत जाऊन बस,” भंते म्हणाले.

मधे मोठं दालन, तीन बाजूंना भिक्षूंच्या बारा खोल्या. सगळं एकाच कातळात कोरलेलं. ती निघाली तसे भंतेही उठले आणि समोरच्या टोकाच्या खोलीत दिसेनासे झाले.

शर्वरी वाकून आत शिरली. चाचपडताना हाताला दिव्याचा कोनाडा लागला. खांद्याच्या उंचीवर. त्याची कड बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती.

तिने शेजारच्या खोलीत पाहिलं. तिथला कोनाडा कमरेपाशी. त्यापुढच्या खोलीत दोन, दोन्ही डावीकडे.

एखादा बुटका असेल. एखादा डावखुरा… शेकडो वर्षांपूर्वीची ती माणसं जणू आत्ताच उठून बाहेर गेली होती.

ती तिथल्याच दगडी ओट्यावर टेकली. तिथून ना दालन दिसत होतं, ना भंते. धूळ घशात गेली आणि तिला खोकला आला. ओढणी तोंडावर धरून ती एकदाच खोकली.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. भंते उभे होते. हातात पाण्याचा तांब्या.

“इतक्या लांब… ऐकू आलं तुम्हाला?”

“कातळ एकच आहे.”

ती पाणी प्यायली. मग उठून तिने भिंतीवर तळहात टेकवला. बाहेर आल्यावर ती नकाशापाशी बसली, पण पेन्सिल काही तिने उचलली नाही.

“यात काय बदलू, भंते?” तिचा आवाज अगदी खाली आला होता.

भंते तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

“आधी मला दाखव, यात खोकला कुठून जातो?”