श्वास घेणारा टेकू

"श्वास घेतलास! पुन्हा घेतलास!" निंबसरचे राजे अमृतराव सरकार तळ्याकाठी कडाडले. "बगळा हलला!"

बगळा बिचारा जागच्या जागी होता. हलला होता खंडू धनगराचा खांदा, आणि त्या खांद्यावर ठेवलेली सरकारांची विलायती लेन्स. लेन्स म्हणजे नुसते धूड! ती कॅमेऱ्याला जोडली की दोन्ही हातांनी उचलून धरणेही कठीण. म्हणून सरकारांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागल्यापासून खंडूचा खांदा संस्थानच्या सेवेत रुजू झाला होता. फोटो हलले, तर दोष सरकारांच्या हौसेचा कसा असेल? तो खंडूच्या छातीचाच!

दरबाराची मात्र काहीच तक्रार नव्हती. मागच्या आठवड्यात सरकारांनी बगळ्याचा फोटो दाखवला, तेव्हा दिवाण त्रिंबकपंत हात जोडून म्हणाले होते, "वा सरकार! काय तो धबधबा!" त्या दिवसापासून सरकारांचे डोके फिरले होते.

"उद्या सकाळी आम्हाला टेकू हवा," सरकारांनी फर्मावले. "ती तिपाई नको. तिचे तीन पाय चिखलात रोवेपर्यंत बगळा जेवून घरी जातो. एका पायाचा टेकू हवा! पण तीन पायांइतका पक्का! आणि दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

"पण सरकार, एका पायावर तो उभा कसा राहील?" दिवाणजींनी भीत भीत विचारले.

"बगळा राहतो ना? एवढासा पक्षी राहतो, आणि आमच्या संस्थानातली काठी राहणार नाही?"

"टेकू स्वस्तातला असावा," दिवाणजींनी घाईघाईने जोडले. लेन्स घेताना तिजोरीचे काय हाल झाले, ते त्यांनाच ठाऊक.

"टेकू मिळाला नाही, तर खंडूने संस्थान सोडावे," सरकार म्हणाले. "श्वास घेणारा टेकू आम्हाला नको!"

खंडू घरी येऊन मुकाट्याने गाठोडे बांधायला बसला. त्याची लेक हौसा मेंढरं वाड्यात कोंडून आली. झाला प्रकार ऐकून तिला आधी रडू आले आणि मग सणकून राग आला. तळ्याकाठचे कुरण सरकारांनी पक्ष्यांसाठी आधीच बंद केले होते. आता बापालाही घालवणार?

"श्वास घेतला म्हनून हद्दपार?" ती म्हणाली. "उद्या सावली पडली म्हनून फाशी देतील! आबा, सोडा ते गाठोडं."

ती तडक बाहेर गेली आणि वाड्याच्या काटेरी कुपाटीतून एक काठी उपसून घेऊन आली.

सकाळी तळ्याकाठी टेकूंची जत्राच भरली. एका सरदाराने चांदीने मढवलेला दांडा आणला होता. तो गाडीतून उतरवायलाच चार माणसे लागली. खजिनदारांनी लांबलचक वेळू आणला. लेन्स ठेवताच त्याने कमरेत वाकून सरकारांना मुजरा केला. दिवाणजींनी स्वतःची छत्री पुढे केली. स्वस्त तर होतीच, पण मुठीपर्यंत चिखलात रुतली.

मग हौसा पुढे आली. तिच्या हातात बाभळीची काठी होती. वरच्या टोकाला बेचके, बेचक्याला घोंगडीची चिंधी गुंडाळलेली, आणि खाली चिखलात रुतू नये म्हणून बांधलेली नारळाची करवंटी.

"हे काय आणलेस, पोरी?"

"टेकू हाय, सरकार. कुपाटीचं काटं सारायचं बेचकं."

दरबार खो खो हसला. दिवाणजी तेवढे हसले नाहीत. "किंमत?" त्यांनी आशेने विचारले.

"कुपाटीला भोक पडलं, तेवढीच."

सरकारांनी काठी चिखलात उभी केली, सोडली, आणि ते दोन पावले मागे सरले. काठी धाडकन आडवी झाली.

"पडली!" सरकार गरजले. "खंडू, सामान बांध!"

"पडनारच की, सरकार!" हौसा म्हणाली. "तिचे दोन पाय तुमीच घेऊन मागं सरलासा!"

"आमचे पाय?"

"टेकूचा एक आन् सरकारांचे दोन. झाले की तीन! दुसऱ्या कुनाचा हात नको म्हनालासा. सरकारांचा सोताचा नको, असं कुठं म्हनालासा? आमचे आबा दिसभर असंच काठीवर रेलून उभे ऱ्हात्यात. काठी म्होरं, पाय फाकवून."

राजाने धनगरासारखे उभे राहायचे? दरबार गारठला. पण समोर बगळा उभा होता, आणि फोटोच्या हौसेपुढे सरकार कुणाचेच ऐकत नसत, स्वतःचेसुद्धा! त्यांनी पाय फाकवले. हौसाने बेचके कॅमेऱ्याखाली नाही, लेन्सच्या पोटाखाली दिले. "जिकडं जड, तिकडं आधार," ती म्हणाली. लेन्स घट्ट बसली.

"आता?"

"आता श्वास धरा, सरकार."

"कुणी? खंडूने?"

"न्हाई, तुमी! आता हललं, तर आबांवर ढकलता यायचं न्हाई!"

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. सरकारांनी मात्र श्वास धरला. चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या, आणि खट्ट! सरकार धापा टाकत खाली बसले आणि पोट धरधरून हसू लागले. "अरे खंडू, हे भलतेच जड काम आहे रे!"

तळ्याकाठच्याच अंधाऱ्या तंबूत फोटोची काच धुतली गेली. फोटोत बगळ्याचे पीस न् पीस दिसत होते. सगळे थक्क होऊन बघत राहिले.

"वा सरकार!" दिवाणजी सवयीने म्हणाले. "काय तो धबधबा!"

सरकार पुन्हा हसत सुटले. डोळे पुसत त्यांनी विचारले, "पोरी, बक्षीस काय देऊ?"

"मेंढरांना कुरन, आन् आबांना श्वास घ्यायची मोकळीक!"

"दिले! कुरण तुझे! खंडू, घे बाबा, हवा तेवढा घे!"

खंडूने छातीभर श्वास घेतला आणि असा जोरात सोडला, की बगळा उडाला. सरकार हसत तो उडताना बघत राहिले.