गोदा नावाची सिस्टीम

"पण गोदाचंच नाव का?"

चपला न काढताच रंगनाथने विचारलं. वाळिंबे गुरुजी टेकडीवरच्या मठीत मोजक्या शिष्यांना संगणकाची विद्या देत. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं खपून रंगनाथने शाळांसाठी मराठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. पहिली प्रत तालुक्याला पोचवली ती त्याच्याबरोबर शिकणाऱ्या गोदाने. नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून तिथल्या कारकुनाने फोल्डरला आणणारीचंच नाव दिलं. तेच रूढ झालं.

आता दोनशे शाळांत संगणक सुरू झाला की पडद्यावर 'गोदा' उमटायचं आणि इकडे रंगनाथच्या अंगाची लाही लाही व्हायची.

"तिने लिहिल्या फक्त चाळीस ओळी, गुरुजी!"

"आपल्या संगणकांतल्या प्रोसेसरच्या घराण्याला 'शहाऐंशी' का म्हणतात रे?" गुरुजींनी विचारलं.

"जुन्या चिपच्या आकड्यातले शेवटचे अंक आहेत ते."

"कुठाय ती चिप?"

"कधीच भंगारात गेली."

"आणि चौसष्ट बिटांच्या रचनेला नाव कोणाचं?"

"जिने ती केली त्या कंपनीचं. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावरही कुठे कुठे तेच दिसतं..." रंगनाथ घुटमळला. "त्या प्रतिस्पर्ध्यांना झोप कशी लागते, गुरुजी?"

गुरुजींनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

"घाल तुझं नाव."

रंगनाथने दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. नाव बदललं, संगणक पुन्हा सुरू केला. पडद्यावर 'रंगनाथ' उमटलं. त्याचा चेहरा फुलला, खोटं कशाला सांगा.

मग एकेक प्रोग्रॅम अडकू लागला. 'गोदा सापडत नाही.' पुन्हा, 'गोदा सापडत नाही.'

"प्रत्येक प्रोग्रॅम आधी सिस्टीमचं नाव तपासतो," रंगनाथ पुटपुटला. "नाव जुळलं नाही तर पुढे जात नाही."

"ती ओळ कोणी लिहिली?"

"...मी. ते नाव रूढ झाल्यावर."

"किती ठिकाणी?"

"चारशे तेरा."

पडद्यावर सगळं थिजलं होतं. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं चालू होतं.

"ते कसं चालतंय?"

रंगनाथने त्या घड्याळाच्या ओळी उघडल्या. वरपासून खालपर्यंत वाचल्या, परत वाचल्या. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

"हे गोदाचं... त्याच चाळीस ओळी," तो म्हणाला.

गुरुजींनी पडद्यावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

"तुझ्या नावाखाली ती एकटीच नांदतेय, रंगनाथ. काढायची का तिला?"