न दुखणारा डोळा

“आता याला यश नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं, सर?”

डॉ. पराग हिरेमठ पलंगाशी ताठ उभा होता. काचबिंदूचा झटका आला तेव्हा ताराक्कांचा उजवा डोळा दगडासारखा घट्ट झाला होता. डोकं धरून, ओकत ओकत त्या आल्या होत्या. तशा डोळ्याचं त्यानं ऑपरेशन केलं. दाब खाली आला आणि खालीच राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या परिषदेत तो हेच मांडणार होता. आज ताराक्का घरी निघाल्या होत्या.

हे ऑपरेशन त्याला शिकवणारे वृद्ध केळुसकर सर नुसतं “छान” म्हणाले. मग त्यांनी ताराक्कांचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि दुसरा हात हलवला.

“काय दिसतं, आक्का?”

“हात हलतोय बघा... धुरातनं.”

“आधी तेवढंही दिसत नव्हतं, सर,” पराग म्हणाला.

सरांनी तळहात उजव्या डोळ्यावर नेला.

ताराक्का हसल्या. या डोळ्यानं अजून सुईत दोरा ओवते, गोधडीचा एक टाका वाकडा पडत नाही, असं सांगून म्हणाल्या, “ह्याला काय धाड भरलीय?”

“त्या डोळ्याची काही तक्रारच नाही,” पराग म्हणाला. “म्हणून हात लावला नाही.”

सरांनी खिडकीचा पडदा ओढला. खिशातला छोटा टॉर्च ताराक्कांच्या डाव्या कानशिलाजवळ आडवा धरला.

उजेड बुबुळावरून सरळ पलीकडे जायला हवा होता. तो मध्येच अडला. नाकाकडची बाजू काळोखात राहिली.

खात्री करायला सरांनी पुन्हा पाहिलं. मग टॉर्च परागच्या हातात दिला.

परागनं पाहिलं.

डोळ्यातलं पाणी निचरायची आतली जागा उजव्या डोळ्यासारखीच चिंचोळी होती. तसाच झटका इथंही कधीही आला असता. लेझरनं पाडलेलं एक बारीक छिद्र तो टाळू शकत होतं.

त्यानं नर्सला हाक मारली, ताराक्कांचं घरी जाणं थांबवलं आणि लेझरची खोली उघडायला सांगितली.

दाराबाहेर आल्यावर त्याचा आवाज उतरला होता.

“माझं सगळं लक्ष त्या एकाच डोळ्यावर होतं, सर.”

“ताराक्कांचंही होतं,” सर म्हणाले. “त्यांना तिथं दुखत होतं... तुला तिथं काय होत होतं?”